पीक रोज नव्या जागी: आयन मोबिलिटी स्पेक्ट्रोमीटरचा वारंवार होणारा घोळ आणि त्याचा छडा

आयन मोबिलिटी स्पेक्ट्रोमीटर म्हणजे वाफेतली संयुगं ओळखणारं उपकरण. त्याची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "काल बरोबर ओळखलं होतं, आज तेच संयुग ओळखत नाही." नमुना तोच, मेथड तीच, लायब्ररी (ओळखीच्या संयुगांची यादी) हीही तीच. स्क्रीनवर पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, मात्र कालच्या जागेवरून जरासं सरकलेलं असतं, आणि सॉफ्टवेअर एकतर गप्प बसतं किंवा भलत्याच संयुगाचं नाव सांगतं. मग हात आपसूक कॅलिब्रेशनच्या बटणाकडे जातो. हिरवी खूण आली की काम पुढे सुरू. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी स्वतः बरीच वर्षं हेच केलं. कॅलिब्रेशन केलं की पीक खिडकीत (ओळखीसाठी ठरवलेल्या वेळेच्या पट्ट्यात) परत येतं, पण ते का सरकलं होतं याचा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो.

म्हणून आता आमच्याकडे एकच शिरस्ता आहे: बटण दाबण्याआधी कालचा आणि आजचा स्पेक्ट्रम एकावर एक ठेवून बघायचा. पीक किती सरकलं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की सगळी पीक्स सरकली की एकच, आणि सगळी सरकली असतील तर सारख्या टक्क्यांनी की सारख्या मिलिसेकंदांनी? एवढं कळलं की निम्मी शोधाशोध वाचते.

त्यासाठी उपकरणात काय चालतं ते थोडक्यात. नमुन्याची वाफ आत येते, निकेल-६३ची किरणोत्सारी पट्टी किंवा कोरोनाची (उच्च व्होल्टेजच्या विद्युत विसर्गाची) सुई तिथल्या हवेतून आयन तयार करते, आणि ते आयन आपला प्रभार नमुन्याच्या रेणूंना देतात. मग गेट काहीशे मायक्रोसेकंद उघडतं, आयनांचा घोळका ड्रिफ्ट नळीत शिरतो आणि विद्युतक्षेत्राच्या ओढीने समोरून येणाऱ्या कोरड्या गॅसमधून वाट काढत डिटेक्टरवर पोचतो. आटोपशीर आयन लवकर पोचतो, पसरट आयन उशिरा. विभक्त करण्याची सगळी करामत इतकीच. १९७०च्या सुमारास हे तंत्र पुढे आलं तेव्हा त्याला 'प्लाझ्मा क्रोमॅटोग्राफी' म्हणत, आणि ते नाव मला अजूनही जास्त प्रामाणिक वाटतं. यात विभक्त करणं आधी येतं, ओळखणं त्यानंतर, आणि तेही तुलनेनेच.

पोचायला लागणारा वेळ म्हणजे ड्रिफ्ट टाइम. नळीच्या लांबीच्या वर्गाला व्होल्टेज आणि मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात आयन किती सहज सरकतो त्याचं माप) यांच्या गुणाकाराने भागलं की तो मिळतो. मोबिलिटी गॅसच्या घनतेवर, म्हणजे तापमान आणि दाबावर अवलंबून असते. म्हणून तिला ० अंश सेल्सिअस आणि ७६० मिमी पारा या स्थितीला आणून जी किंमत मिळते तिला रिड्यूस्ड मोबिलिटी म्हणतात. रोजच्या बोलण्यात 'के-नॉट'. लायब्ररीत साठवलेली असते ती हीच.

आकडे समोर असलेले बरे. आमच्या नळीची ड्रिफ्ट लांबी १० सेंमी, तिच्यावर २५०० व्होल्ट, तापमान १०० अंश. रोजचं संदर्भ द्रव्य २,६-डाय-टर्ट-ब्युटिलपिरिडीन, लाडाने डीटीबीपी. त्याचा के-नॉट १.४२ चौरस सेंमी प्रति व्होल्ट-सेकंद धरतात. १०० अंशांना आणि १०१३ हेक्टोपास्कल दाबाला त्याचं पीक २०.६ मिलिसेकंदांवर यायला हवं, आणि येतं. नमुना नसतानाही जे पीक कायम दिसतं, म्हणजे रिॲक्टंट आयन पीक उर्फ आरआयपी, ते आमच्याकडे १३.९ मिलिसेकंदांवर असतं. पॉझिटिव्ह मोडमध्ये (धन आयन मोजताना) ते पाण्याच्या रेणूंनी वेढलेल्या प्रोटॉनचं असतं. पुढचं सगळं या दोन आकड्यांभोवती फिरतं.

सगळी पीक्स सारख्या टक्क्यांनी सरकली तर

आरआयपी १३.९ वरून १३.६ वर आणि डीटीबीपी २०.६ वरून २०.१ वर आलं, तर दोन्ही साधारण २.३ टक्क्यांनी पुढे आली आहेत. रसायनशास्त्राला यात हात लावायचा नाही. कारण दाब, तापमान किंवा व्होल्टेज यांपैकीच एक असतं.

सगळ्यात आधी दाब बघा. हवामान बिघडून बाहेरचा दाब १०१३ वरून ९९० हेक्टोपास्कलवर आला, तर ड्रिफ्ट टाइम नेमका तेवढ्याच प्रमाणात घटतो: २०.६ चा २०.१. ओळखण्याची खिडकी दोन्हीकडे १ टक्का ठेवली असेल तर संयुग खिडकीबाहेर गेलंच. दाब मोजून के-नॉट काढणारं उपकरण यातून सहीसलामत सुटतं, पण बऱ्याच जुन्या उपकरणांत दाब हाताने भरावा लागतो. तिथे एक सापळा आहे आणि मी त्यात पुरता अडकलो होतो. हवामानाच्या ॲपमध्ये दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, तुमच्या खोलीतला नसतो. ५०० मीटर उंचीवरच्या ठिकाणी हा फरक ६ टक्क्यांच्या आसपास भरतो. कॅलिब्रेशन करताना आणि मोजताना, दोन्ही वेळा तोच चुकीचा दाब भरला तर चूक लपून राहते. एकदा ॲपचा आणि एकदा भिंतीवरच्या बॅरोमीटरचा भरला की गोंधळ. टेबलावर ठेवायचा साधा डिजिटल बॅरोमीटर घ्या आणि ॲप विसरा.

बॅरोमीटर जागचा हललेला नाही, तरी पीक्स मागे गेली, म्हणजे उशिरा येऊ लागली, तर एक्झॉस्टची नळी तपासा. आमच्याकडे ती एकदा टेबलाच्या चाकाखाली चेपली गेली होती. खोलीतला दाब ठीक, आतला वाढलेला, आणि आम्ही दोन दिवस व्होल्टेज तपासत बसलो.

तापमानाचा दोष जास्त लबाड असतो. डिस्प्लेवर १०० अंश दिसतात ते नळीच्या भिंतीचे. आत येणारा ड्रिफ्ट गॅस पुरेसा तापलेला नसेल, किंवा कुणी फ्लो वाढवून ठेवला असेल, तर आतला गॅस ९५ अंशांवरच राहतो आणि पीक्स सुमारे १.३ टक्के उशिरा येतात. त्यामुळे फ्लो बदलला की अर्धा तास थांबा आणि मगच बघा. तापमानात आणखी एक गोम आहे. गॅस थंडावला की आरआयपीच्या आयनाला पाण्याचे रेणू जास्त चिकटतात, म्हणून ते डीटीबीपीपेक्षा थोडं जास्तच मागे पडतं. दाबाच्या चुकीत दोघांचं गुणोत्तर जवळजवळ तसंच राहतं, तापमानाच्या चुकीत ते किंचित हलतं.

व्होल्टेजबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हाय-व्होल्टेज सप्लाय खचला की सगळी पीक्स टक्क्यांच्या हिशेबाने उशिरा येतात. रेझिस्टरच्या साखळीतला एखादा रेझिस्टर बिघडला तर क्षेत्र एकसारखं राहत नाही, मग पीक्स सरकतातही आणि पसरतातही. हे तपासणं मात्र प्रशिक्षित माणसाचंच काम. २५०० व्होल्ट चेष्टेवारी घेऊ नका.

सगळी सारख्या मिलिसेकंदांनी सरकली तर

आरआयपी १३.९ चं १४.१ आणि डीटीबीपी २०.६ चं २०.८. टक्के काढले तर वेगवेगळे येतात, मिलिसेकंदांत मात्र दोन्हीकडे ०.२. म्हणजे आयन नळीत नेहमीच्याच वेगाने धावताहेत, घड्याळ उशिरा सुरू झालेलं नाही तर लवकर सुरू झालंय. दोष ट्रिगरचा किंवा गेटचा.

आमच्याकडे हे घडलं तेव्हा नव्या सहकाऱ्याने सिग्नल लहान वाटतो म्हणून गेट उघडं राहण्याचा वेळ २०० वरून ६०० मायक्रोसेकंद केला होता. सिग्नल खरोखर वाढला, तो खूश. पण घड्याळ गेट उघडताना सुरू होतं आणि घोळक्याचा मध्य आता ३०० मायक्रोसेकंदांवर होता, पूर्वी १०० वर असायचा. त्यातून ०.२ मिलिसेकंदांची सरक. त्याहून मोठं नुकसान विभाजनाचं झालं. आयन वाटेत पसरतात ते विसरणामुळे (डिफ्यूजन), ते टाळता येत नाही. २५०० व्होल्ट आणि १०० अंशांना केवळ विसरण धरलं तर रिझॉल्व्हिंग पॉवरची (जवळची पीक्स वेगळी दाखवण्याच्या क्षमतेची) कमाल मर्यादा ८४च्या आसपास येते. २०० मायक्रोसेकंदांच्या गेटने ती साधारण ६५ होते. ६०० ने ३२. आधी एकमेकांना टेकून उभी असलेली दोन पीक्स आता एकच गुबगुबीत पीक होऊन बसली होती, आणि सॉफ्टवेअर त्याला तिसऱ्याच संयुगाचं नाव देत होतं.

तेव्हा पीकची जागा पाहताना रुंदीही लिहून ठेवत जा. ड्रिफ्ट टाइमला अर्ध्या उंचीवरच्या रुंदीने भागा: २०.६ भागिले ०.३२ म्हणजे ६४. हा आकडा अचानक ४० वर आला तर नमुन्याला दोष देऊ नका.

एखाददुसरंच सरकलं तर

इथून पुढे रसायनशास्त्र सुरू होतं. माझ्या अनुभवात वारंवार परतणारे त्रास बहुतांशी इथलेच असतात.

डीटीबीपी जागच्या जागी आणि आरआयपी एकटंच उशिरा येतंय, हे ओलाव्याचं लक्षण. डीटीबीपीच्या नायट्रोजनच्या दोन्ही बाजूंना मोठे गट उभे असतात, त्यामुळे पाण्याच्या रेणूला तिथे चिकटायला जागाच मिळत नाही. म्हणूनच तो ओलाव्याला दाद देत नाही आणि म्हणूनच संदर्भ म्हणून उपयोगी पडतो. आरआयपीचा आयन मात्र मिळेल तेवढं पाणी अंगाला गुंडाळून जड होतो. तुमच्या नमुन्यातली संयुगंही पाणी चिकटवणारी असली तर त्यांचे के-नॉट लायब्ररीशी जुळणार नाहीत, मग दाबाची दुरुस्ती कितीही अचूक करा.

ओलावा म्हटलं की लोक सिलिका जेलचा रंग बघायला धावतात. रंग ठीक आहे म्हणजे गॅस कोरडा आहे, हा समज सोडून द्या. तो रंग बदलतो तेव्हा आर्द्रता टक्क्यांत गेलेली असते, आणि आपला प्रश्न पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत किती भाग याचा आहे. ड्रिफ्ट गॅसमध्ये पाणी १० पीपीएमच्या आत असावं. दवबिंदू मापकावर ते उणे ६० अंशांच्या आसपास दिसतं. उणे ४० दिसलं तरी कागदावर 'कोरडा' वाटतो, पण ते १२५ पीपीएमच्या वर असतं. सिलिका जेलनंतर मॉलिक्युलर सीव्ह (पाणी धरून ठेवणारे सूक्ष्म छिद्रांचे दाणे) हवाच, आणि तो वेळेवर बदलायला किंवा पुन्हा तापवायला हवा: कोरड्या गॅसच्या प्रवाहात २५० ते ३०० अंशांना काही तास, आणि थंडही बंद भांड्यातच करायचा. उघड्यावर थंड केला तर तापवण्याची मेहनत फुकट.

आता आमच्या सोमवारच्या दुखण्याची गोष्ट. जवळजवळ दोन महिने दर सोमवारी ॲसिटोनची तपासणी नापास व्हायची. ॲसिटोनचं पीक नाहीसं, किंवा इतकं खुजं की मोजायलाच नको. बुधवारपर्यंत ते आपोआप परत यायचं. इंजेक्टर साफ केला, सेप्टम बदलला, ॲसिटोनची नवी बाटली फोडली. नमुने आणणाऱ्यावर संशय घेतला, हे सांगायला आता लाज वाटते. शेवटी एका सोमवारी नमुना न टाकता फक्त ब्लँक घेतला आणि अक्ष मोठा करून आरआयपीकडे बघितलं. त्याच्या पुढ्यात, अर्ध्या मिलिसेकंदाच्या आतच, एक बारकं पण स्वच्छ पीक उभं होतं. शुक्रवारच्या ब्लँकमध्ये ते नव्हतं.

ते अमोनियाचं होतं. पॉझिटिव्ह मोडमध्ये अमोनियमचा आयन नेहमीच्या आरआयपीच्या जरा आधी पोचतो. आणि अमोनिया आत आला की सगळी देवघेव बदलते, कारण प्रोटॉन कुणाकडे जाणार हे प्रोटॉन ॲफिनिटीवर, म्हणजे रेणूला प्रोटॉनची किती ओढ आहे यावर ठरतं. पाण्याची ६९१ किलोज्यूल प्रति मोल, ॲसिटोनची ८१२, अमोनियाची ८५४. पाण्याकडून ॲसिटोन प्रोटॉन सहज काढून घेतो. अमोनियाच्या हातून मात्र तो त्याला सुटत नाही. ॲसिटोन नळीत होता, पण प्रभाराविना, आणि प्रभार नसलेला रेणू डिटेक्टरला दिसत नाही. त्याच सोमवारी डीटीबीपी ठणठणीत दिसत होता, कारण पिरिडीनच्या कुळातल्या संयुगांची ॲफिनिटी अमोनियाच्या बरीच वर असते. त्यामुळेच रोजचं कॅलिब्रेशन हिरवी खूण देत राहिलं आणि आम्ही निर्धास्त राहिलो.

अमोनिया आला कुठून? झीरो-एअरच्या (उपकरणाला पुरवायच्या शुद्ध हवेच्या) कॉम्प्रेसरचं तोंड टेबलाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर होतं. शुक्रवारी संध्याकाळी फरशी पुसली जायची, आणि पुसण्याच्या द्रवात अमोनिया होता. सीव्ह ताजा असता तर त्याने तो धरून ठेवला असता. पण तो केव्हाच भरलेला होता, रंगीत सिलिका जेल मात्र छान दिसत होतं. कॉम्प्रेसरचं तोंड वर घेतलं, सीव्ह बदलला, नळी रात्रभर मॅन्युअलने परवानगी दिलेल्या कमाल तापमानाला कोरड्या गॅसखाली भाजली. पुढच्या सोमवारी आरआयपीच्या पुढ्यातली जागा रिकामी होती.

काही जण अमोनिया मुद्दाम डोपंट (आयनांची देवघेव बदलण्यासाठी मिसळायचं द्रव्य) म्हणून घालतात, ती गोष्ट वेगळी. नको असलेली सॉल्व्हंटं गप्प करून फक्त अमाइन्स किंवा फॉस्फरसयुक्त संयुगं बघायची असतील तर तो मोठाच उपयोग आहे. फक्त तो तुम्ही घातलेला असावा, फरशीने नव्हे.

याच्याच जोडीला सिलिकोनची नळी. फिल्टर आणि उपकरण यांच्यामध्ये कुणीतरी 'तात्पुरता' बोटभर सिलिकोनचा तुकडा जोडलेला असतोच. सिलिकोनमधून पाण्याची वाफ सर्रास झिरपते, शिवाय तो स्वतःची सिलोक्झेनं सोडतो, आणि ती ब्लँकमध्ये कायमची वस्तीला येतात. स्टेनलेस स्टीलची नळी लावा. ते जमतच नसेल तर पीटीएफई (टेफ्लॉन), तीही कमीत कमी लांबीची.

एका नमुन्यात दोन संयुगं दिसू लागली तर

शुद्ध द्रव्य टाकलं आणि पीक्स दोन आली, की बाटलीत भेसळ असल्याची आवई उठते. आधी नमुना दहापट पातळ करून बघा. संहती वाढली की दोन रेणू एक प्रोटॉन वाटून घेतात आणि डायमर बनतो. तो मोठा, म्हणून उशिरा येतो. पातळ केल्यावर उशिराचं पीक झटकन खाली आलं आणि आधीचं टिकलं किंवा वाढलं, तर भेसळ नाही, तुम्हीच जास्त टाकलंय. दोन्ही पीक्सच्या मधली बेसलाइन झोळीसारखी उचललेली दिसली तर डायमर वाटेतच फुटतोय, असंही त्यातून कळतं. मोजमाप करायचं असेल तर आरआयपी अर्ध्याहून खाली जाऊ देऊ नका. एकूण प्रभार ठरलेला असतो. आरआयपी संपलं म्हणजे वाटायला काही उरलं नाही, आणि त्यापुढे पीकची उंची संहतीबद्दल खरं बोलत नाही. जास्त टाकल्याचा दुसरा दिवसही खराब जातो, कारण भिंतींना चिकटलेलं द्रव्य तासन् तास सुटत राहतं. ब्लँक साफ येईपर्यंत पुढचा नमुना नको.

निगेटिव्ह मोडमध्ये आरआयपी गायब आणि सुरुवातीलाच, शून्याजवळ प्रचंड सिग्नल, असं दिसलं तर हवेऐवजी शुद्ध नायट्रोजन जोडलाय का बघा. इलेक्ट्रॉन पकडायला ऑक्सिजन नसेल तर ते सुटेच डिटेक्टरवर येऊन आदळतात. कोरोना वापरणाऱ्यांना त्या विसर्गातच तयार होणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून बनलेल्या आयनांचा उपद्रव होतो.

निकेल-६३वाल्यांकडून नेहमी ऐकू येतं, "स्रोत म्हातारा झाला असेल." त्याचा अर्धायुकाल जवळपास १०० वर्षांचा आहे, वर्षभरात तो १ टक्काही उतरत नाही. सिग्नल सहा महिन्यांत निम्मा झाला असेल तर पट्टीवर काहीतरी बसलंय, किंवा दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा गेटमध्ये आहे. पण पट्टी साफ करायला ते खोकं उघडायचं नाही, कधीच नाही. तो किरणोत्सारी स्रोत आहे. गळती तपासणी आणि दुरुस्ती परवानाधारक माणसाकडूनच.

हे सगळं जागेवर आलं तरी एक गोष्ट शिल्लक राहते. के-नॉट जुळला म्हणजे संयुग ठरलं, असं नसतं. रिझॉल्व्हिंग पॉवर ६५ असताना एखाद्या टक्क्याच्या फरकाने उभी असलेली दोन संयुगं वेगळी दिसत नाहीत, आणि आयसोमर बहुधा इतकेच जवळ असतात. शंका असेल तर पुढे जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) कॉलम जोडा, किंवा डोपंट बदलून तेच पीक टिकतं का बघा, किंवा दुसऱ्या मोडमध्ये बघा. माझा नियम असा: ज्या पीकवर कुणाचा माल अडणार आहे, त्याचं नाव मी एका के-नॉटवर लिहून देत नाही.

आमच्या उपकरणाशेजारी आता एक वही असते. सकाळी ब्लँक, मग डीटीबीपी, आणि एका ओळीत सहा नोंदी: आरआयपीची वेळ, डीटीबीपीची वेळ, दोघांचं गुणोत्तर, डीटीबीपीची रुंदी, बॅरोमीटरचा दाब, दवबिंदू. गुणोत्तर १.४८ असतं. गेल्या आठवड्यात ते १.४६ वर आलं, डीटीबीपी जागचं हललेलं नव्हतं, दवबिंदू उणे ४८ दाखवत होता. फिल्टरच्या नटला अर्धा आटा दिला. दुपारपर्यंत १.४८.